कुंडीतील बुरशी: लक्षणे, उपचार आणि कौटुंबिक परिणाम

घरच्या भाजीपाल्यावर येणारे बुरशीजन्य रोग मुख्यतः सहा: भुरी, केवडा, करपा, तांबेरा, मर आणि रोपांची कोलमड. पहिले चार पानांवर दिसतात. उरलेले दोन मातीत काम उरकतात आणि झाड आडवे झाल्यावरच कळवतात. महाराष्ट्रात गच्ची, गॅलरी, खिडकीबाहेरची जाळी आणि सोसायटीच्या आवारातला कमिटीच्या नजरेतून सुटलेला कोपरा, अशा सर्व ठिकाणी ते आढळतात. त्यांना वाढायला तीन गोष्टी लागतात: ओलावा, दाटी आणि झाडांवर जिवापाड प्रेम करणारा घरातला एक सदस्य. पहिल्या दोन नसल्या तरी तिसरा त्या पुरवतो. या सदस्याला येथे सोयीसाठी बागायतदार म्हटले आहे, मग त्याचे एकूण क्षेत्र सहा फूट बाय तीन फूट का असेना.

बुरशीत हरितद्रव्य नसते, त्यामुळे तिला स्वतःचे अन्न स्वतः करता येत नाही. बहुतेक बुरश्या पडलेल्या पाल्यापाचोळ्यावर भागवतात आणि त्याचे खत होते ते त्यांच्याच कृपेने. थोड्या जातींना मात्र जिवंत झाड लागते. त्यांचे बीजाणू वाऱ्यावर, पाण्याच्या शिंतोड्यांवर, छाटणीच्या कात्रीवर आणि शेजारच्या गच्चीत ‘जरा बघून येते’ म्हणून गेलेल्या हातांवर बसून प्रवास करतात. बहुतेकांना पानावर उतरल्यावर अंकुर फुटायला काही तासांची ओल पुरते. म्हणूनच संध्याकाळी ऑफिसातून येऊन झाडांना डोक्यावरून आंघोळ घालणे ही बुरशीच्या दृष्टीने आदर्श व्यवस्था आहे. पान रात्रभर ओले राहते आणि बागायतदाराला रात्रभर शांत झोप लागते.

भुरी हा सर्वांत सहज ओळखू येणारा रोग. पानावर टाल्कम पावडर शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके येतात, ते पसरून एक होतात आणि पान पिवळे पडून वाळते. काकडी, दुधी, दोडका, भेंडी, वाटाणा, मेथी, कोथिंबीर या सर्वांवर भुरी येते. ओल्या पानाच्या नियमाला ती अपवाद आहे. पानावर साचलेले पाणी तिला मानवत नाही. कोरडे दिवस, गार रात्री आणि हवेतला दमटपणा एवढ्यावर ती खूष असते. त्यामुळे पावसाळ्यात झाडे वाचली म्हणून बागायतदार निर्धास्त होतो आणि दिवाळीनंतर, फराळाचे डबे रिकामे होण्याच्या सुमारास, भुरी हजर होते. तिचे धागे पानाच्या पृष्ठभागावरच पसरतात आणि खालच्या पेशींत बारीक शोषके घालून रस ओढतात.

भुरीच्या जाती आपापले यजमान धरून राहतात. वाटाण्यावरची भुरी काकडीवर जात नाही आणि गुलाबावरची दुधीवर येत नाही. ‘तुमच्या गुलाबामुळेच माझा दुधी गेला’ हा सुनेचा सासूबाईंवरचा, किंवा त्याच्या उलट दिशेने जाणारा, आरोप शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. अनेक घरांत तो तरीही टिकून आहे.

भुरीच्या निदानातली नेहमीची चूक लाल भोपळ्याच्या बाबतीत होते. या वेलाच्या अनेक वाणांच्या पानांवर, शिरा जिथे मिळतात तिथे, निसर्गतःच चंदेरी-पांढरे डाग असतात. बोट घासले तर भुरी निघते, हे डाग निघत नाहीत. परीक्षा एवढीच आहे. ती न केल्यास निरोगी वेलावर औषध मारले जाते, डाग जात नाहीत, म्हणून औषधाची मात्रा वाढवली जाते, आणि शेवटी वेल खरोखरच आजारी पडतो. तेव्हा ‘मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो’ असे म्हणण्याची संधी मिळते.

केवडा पावसाळ्यात येतो. काकडी, दोडका, कारले यांच्या पानांवर पिवळे, कोनदार डाग पडतात. शिरांच्या चौकटीत अडकल्यामुळे त्यांना तसा आकार येतो. सकाळी पान उलटून पाहिले तर डागाखाली करडी-जांभळट लव दिसते. वनस्पतिरोगशास्त्रात केवड्याचा जीव खऱ्या बुरशीत धरत नाहीत. त्याच्या पेशीभित्तिकेत मुख्यतः सेल्युलोज असते, खऱ्या बुरशीत कायटिन असते. नात्याने तो तपकिरी शैवालाच्या जवळचा आहे. ही माहिती जेवणाच्या टेबलावर सांगितल्यास कोणी ऐकत नाही, पण तिचा व्यावहारिक उपयोग आहे. भुरीवर चालणारे गंधक केवड्यावर फारसे चालत नाही. घरात मात्र गंधकाची पुडी आधीच आलेली असते, आणि आणलेले औषध वाया घालवण्याची आपल्याकडे रीत नाही.

करपा टोमॅटोवर दोन प्रकारांनी येतो. लवकर येणाऱ्या करप्यात खालच्या, जुन्या पानांवर एकात एक वलये असलेले तपकिरी डाग पडतात आणि रोग सावकाश वर चढतो. उशिरा येणारा करपा गार, ढगाळ, पावसाळी हवेत येतो. पानांवर पाण्याने भिजल्यासारखे गडद चट्टे पडतात आणि थोड्याच दिवसांत सगळे झाड काळे पडते. हाच रोग १८४५ मध्ये आयर्लंडच्या बटाट्यावर पडला. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे १० लाख माणसे मेली आणि तेवढ्यांनीच देश सोडला. हवा बिघडली, माती बिघडली, झाडे सडली आणि सडल्यामुळे बुरशी आली, अशी त्या काळी बहुतेक जाणत्यांची समजूत होती. माइल्स बर्कली या इंग्रज पाद्र्याने १८४६ मध्ये क्रम उलटा आहे, आधी बुरशी आणि मग सड, असे मांडले. जर्मनीच्या अँटोन डी बारी यांनी १८६१ मध्ये निरोगी झाडाला मुद्दाम लागण करून ते सिद्ध केले. तो निकाल अजून सगळ्या गच्च्यांपर्यंत पोचलेला नाही. ‘यंदा हवाच खराब आहे’ हे मत आजही पहिल्या डागासोबत व्यक्त होते.

तांबेरा घेवडा, चवळी यांच्या पानांखाली विटकरी पुटकुळ्यांच्या रूपाने येतो आणि बोटाला रंग लावतो. त्याच्याविषयी घरगुती पातळीवर वाद होत नाहीत.

कोलमड हा रोपवाटिकेतला रोग. काल संध्याकाळी ताठ उभी असलेली टोमॅटो-मिरचीची रोपे सकाळी जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडलेली दिसतात. कारण बहुतेक वेळा बियांच्या पाकिटात असते. त्यातल्या पाऊणशे बियांना पाऊणशे कुंड्या लागतील हा हिशेब कोणी करत नाही. आइस्क्रीमच्या एकाच रिकाम्या डब्यात सगळे पाकीट ओतले जाते, डब्याला भोक पाडायचे राहून जाते आणि उगवण चांगली झाली म्हणून पाणीही चांगले घातले जाते. दाटीत हवा खेळत नाही, माती चिखल होते आणि पिथियम नावाचा जीव, हाही खऱ्या बुरशीचा चुलतभाऊच, रोपांच्या माना धरतो.

मर रोगात फ्युजॅरियम ही बुरशी मुळांतून शिरून पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद करते. सुरुवातीला झाड दुपारी माना टाकते आणि संध्याकाळी सावरते. झाड सुकले म्हणजे त्याला तहान लागली, असा सरळ अर्थ लावून बागायतदार पाणी घालतो. झाड आणखी सुकते. तो आणखी पाणी घालतो. मातीत बोट दोन पेरे घालून ओल पाहावी, एवढा उपाय येथे पुरेसा आहे. माती ओली आणि झाड सुकलेले असेल तर दोष मुळांत आहे. खोड उभे चिरल्यावर आतल्या बाजूला तपकिरी पट्टा दिसला की निदान पक्के होते. मात्र खोड चिरल्यानंतर रोगी उरत नाही.

बुरशी नसलेल्या अनेक गोष्टी बुरशी म्हणून मार खातात. मिरचीची पाने वाकडीतिकडी होणारा चुरडा-मुरडा विषाणूचा किंवा फुलकिडे आणि कोळी यांचा असतो. भेंडीच्या शिरा पिवळ्या पाडणारा रोग विषाणूचा असून तो पांढरी माशी पसरवते. देठाशी कापसाचे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. टोमॅटोच्या पानात पांढऱ्या नागमोडी रेघा काढते ती नागअळी. पाने काळी, चिकट झाली तर ती काजळी. ही मात्र बुरशीच आहे, पण ती झाडाला खात नाही. मावा आणि पिठ्या ढेकूण जो गोड चिकटा सोडतात त्यावर ती वाढते. किडी गेल्या की काजळीही जाते. यांपैकी कशावरही बुरशीनाशकाचा उपयोग नाही आणि यांपैकी प्रत्येकावर ते मारले जाते.

याचे मूळ निदानाच्या पद्धतीत आहे. रोगी पान हातात घेऊन उजेडात, दोन्ही बाजूंनी पाहणे ही एक पद्धत. दुसरी आणि अधिक रूढ पद्धत म्हणजे गावाकडे फोन करणे.

‘मामा, पान पिवळं पडलंय.’

‘वरून का खालून?’

‘मधूनच.’

‘मग पाणी कमी पडतंय.’

मामांची बारा एकर द्राक्षबाग असते, त्यामुळे त्यांच्या शब्दाला वजन असते. दहा लिटरच्या रंगाच्या बादलीतल्या वांग्याचा त्यांना अनुभव नसतो, हे दोघांच्याही लक्षात येत नाही. तिसरा सल्ला नर्सरीवाल्याचा. तो पान न पाहताच ‘बुरशी आहे ताई, हे घेऊन जा’ असे सांगतो आणि सहापैकी निदान एकदा तरी बरोबर ठरतो.

उपचारांचे तीन वर्ग पडतात: स्वयंपाकघरातले, दुकानातले आणि जैविक. पहिल्या वर्गात आंबट ताक, दूध, खाण्याचा सोडा, हळद, हिंग, दालचिनी आणि राख येतात. मीठ, मिरची आणि कोथिंबीर घातल्यास संपूर्ण जेवण होईल. यांतील दुधाला शास्त्राचा आधार आहे. ब्राझीलच्या वॅग्नर बेटिओल यांनी १९९९ मध्ये हरितगृहातल्या झुकिनीवर गाईच्या दुधाचे पाणी फवारून भुरी आटोक्यात येते, असे दाखवले. एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी हे प्रमाण आठवड्यातून एकदा वापरतात. रोग फार पसरण्याआधी सुरू केल्यास गुण येतो. त्या प्रयोगात आजी नव्हत्या. भारतीय परिस्थितीत दूध झाडावर मारले जात आहे हे घरातल्या ज्येष्ठांच्या लक्षात आल्यास फवारणीत खंड पडण्याची शक्यता गृहीत धरावी. ताकाला तेवढा विरोध होत नाही, पण ते गाळून घेतले नाही तर फवाऱ्याचे तोंड बुजते आणि ते सुईने साफ करण्यात रविवार जातो. खाण्याचा सोडा लिटरला साधारण एक छोटा चमचा आणि साबणाचे दोन थेंब या प्रमाणात भुरीवर थोडाफार चालतो. ‘थोडा जास्त घातला तर लवकर जाईल’ या विचाराने घातल्यास पानेच लवकर जातात.

दुकानातल्या उपायांत सर्वांत जुना आणि आदरणीय म्हणजे बोर्डो मिश्रण. त्याचा शोध चोरांमुळे लागला. फ्रान्सच्या बोर्डो भागात रस्त्याकडेची द्राक्षे येणारे-जाणारे तोडून खात, म्हणून बागायतदार कडेच्या वेलांवर मोरचूद आणि चुन्याचे निळसर, किळसवाणे मिश्रण शिंपडत. १८८२ मध्ये पिअर मिलार्दे या प्राध्यापकांच्या लक्षात आले की केवड्याने आतल्या वेलांची पाने झडली, कडेच्या वेलांची मात्र शाबूत आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ मध्ये कृती प्रसिद्ध केली. तीच आज नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागांत आणि कोकणातल्या सुपारीच्या बागांत वापरली जाते. सोसायटीतल्या टोमॅटोंनाही चोरांचा उपद्रव असल्यामुळे मूळ हेतूही आपोआप साधतो.

घरच्यासाठी एक टक्क्याचे मिश्रण म्हणजे लिटरभर पाण्यात १० ग्रॅम मोरचूद आणि १० ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावे. धातूचे भांडे चालत नाही. तयार मिश्रणात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर बसला तर मिश्रण आम्लधर्मी आहे. थोडी चुन्याची निवळी घालावी, नाहीतर पाने भाजतात. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पुन्हा पुन्हा मारल्यास तांबे मातीत साठत जाते, म्हणून हात आखडता ठेवावा. फवारणीपूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या दोरीवर काय वाळत घातले आहे ते पाहावे. निळ्या डागांचा विषय कमिटीच्या वार्षिक सभेत निघू शकतो आणि तिथे मिलार्दे यांचे नाव घेऊन उपयोग होत नाही.

इतर औषधांसाठी कृषी सेवा केंद्रात जावे लागते. ‘किती एकर आहे?’ हा तेथला पहिला प्रश्न असतो. ‘चार कुंड्या’ हे उत्तर हळू आवाजात दिले तरी रांगेतल्या मागच्या दोघांना ऐकू जाते. लहानात लहान पुडीही या बागेला तीन पिढ्या पुरेल एवढी असते. औषधे स्पर्शजन्य आणि आंतरप्रवाही अशी दोन प्रकारची मिळतात: पहिली पानावर बसून बीजाणू अडवतात, दुसरी झाडात शोषली जातात. डब्यावरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा सांगतो. लाल सर्वांत घातक, त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा. भाजी खाण्याआधी किती दिवस थांबायचे तेही लेबलावर असते. ते पाळायचे तर रोज तोडाव्या लागणाऱ्या भेंडीच्या काठ्या होतात. न पाळायचे तर घरचे, विनारासायनिक म्हणून लावलेले हे झाड बाजारच्या भाजीहून वाईट ठरते. हातमोजे आणि तोंडावर फडके हवेच. मोजायचा चमचा स्वयंपाकघरात परत जाऊ नये आणि उरलेले औषध थंड पेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. या दोन वाक्यांत विनोद शोधू नये. पाण्यात मिसळणारे गंधक भुरीवर चांगले, पण भर उन्हात मारल्यास पाने करपतात, विशेषतः वेलभाज्यांची.

जैविक उपायांत ट्रायकोडर्मा प्रमुख. ही बुरशी दुसऱ्या बुरशीवर जगते. तिचे धागे मुळकूज आणि मर घडवणाऱ्या बुरशीला वेटोळे घालून तिला खातात. पेरणीपूर्वी बियांना चोळून किंवा शेणखतात मिसळून ती देतात. बुरशी घालवण्यासाठी विकतची बुरशी आणली, हे घरात समजावून सांगताना धीर धरावा लागतो. ट्रायकोडर्मा दिल्यानंतर त्याच मातीत बुरशीनाशक ओतल्यास दोन्हींचे पैसे एकमेकांना खातात.

फुकट मिळणारा मदतनीस म्हणजे पिवळा ढालकिडा. त्याच्या पंखांवर ठिपके नसतात. मानेच्या फिकट भागावर दोन काळे ठिपके असतात. तो आणि त्याच्या अळ्या भुरीच खातात. भुरी असेल तिथेच तो दिसतो, यावरून ती त्यानेच आणली असा निष्कर्ष काढून त्याला चप्पल दाखवली जाते.

प्रतिबंध हा सर्वांत खात्रीचा उपाय, आणि तो पुढीलप्रमाणे: पाणी सकाळी आणि मुळाशी घालावे; दोन रोपांत हवा खेळेल एवढे अंतर ठेवावे; टोमॅटोला काठीचा आधार देऊन जमिनीला टेकणारी पाने काढावीत; मातीवर वाळक्या पाल्याचे आच्छादन घालावे, म्हणजे मातीतले बीजाणू शिंतोड्यांनी पानावर उडत नाहीत. डाग पडलेले पान दिसताच तोडावे. ओल्या झाडांना हात लावू नये. जुनी माती एप्रिल-मेमध्ये ओली करून, पारदर्शक प्लॅस्टिकखाली चार ते सहा आठवडे उन्हात तापवावी. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्याविषयी एरवी जे बोलले जाते ते या कामापुरते मागे घ्यावे लागते. रोगाला दाद न देणारे वाण निवडावेत. बंगळूरुच्या भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा टोमॅटोचा संकरित वाण लवकर येणारा करपा, पर्णगुच्छ विषाणू आणि जिवाणूजन्य मर या तिघांनाही तोंड देतो.

या यादीतल्या बऱ्याच सूचना काहीतरी न करण्याच्या आहेत, आणि म्हणूनच त्या पाळल्या जात नाहीत. संध्याकाळी पाणी न घालणे, अकरावे रोप न लावणे, झाडाला सारखा हात न लावणे, औषध न मारणे: यातून बागकाम केल्याचे समाधान मिळत नाही. आठ दिवस प्रवासाला गेलेल्या कुटुंबाची झाडे परतल्यावर बरी दिसतात. याचे श्रेय पाणी घालायला आलेल्या शेजाऱ्याला दिले जाते. तो दोनदाच आला होता.

झाड गेले आहे हे मान्य करण्याचा टप्पा सर्वांत लांबतो. उशिरा येणारा करपा खोडावर उतरला, किंवा मर रोगाचे निदान पक्के झाले, की झाड उपटणे हाच उपचार उरतो. घरातील मंडळी दोन आठवडे ‘त्याला अजून एक पान फुटतंय’ या पक्षाची असतात; तेवढ्या काळात शेजारच्या कुंड्याही आजारी पडतात. उपटलेले झाड घरच्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नये, कारण त्या डब्यातली उष्णता रोगाचे बीज मरण्याइतकी बहुधा चढत नाही; ते पिशवीत बांधून ओल्या कचऱ्यात द्यावे. कुंडी घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात भिजवून, धुऊन उन्हात वाळवावी. कात्री पुसावी. फ्युजॅरियम मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि त्याच्या पोटजाती आपले पीक धरून असतात, म्हणून त्या मातीत टोमॅटो, मिरची, वांगे यांपैकी काही न लावता पालक, मुळा किंवा घेवडा लावावा. घरात पालक कोणी खात नसल्यास मुळा लावावा. मुळाही कोणी खात नसल्यास कुंडी शेजाऱ्यांना द्यावी, मात्र तिचा पूर्वेतिहास सांगून.